औटीनानांचा डबा

औटीनानांनी आयुष्यात कुणाच्या हातात एखादी वस्तू सरळ दिली असेल, असं मला वाटत नाही. माणूस देणारा होता, पण देण्याआधी ती वस्तू लपवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात ते आहेर घेऊन आले. स्टेजवर चढले, नवरदेवाच्या कानाला लागले आणि म्हणाले, "आहेर हितंच हाय मांडवात. बघा जरा." एवढं सांगून पंगतीत जाऊन बसले आणि जिलबी मागून घेतली. मेव्हण्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. आठवडाभराने मंचरहून मांडववाल्याचा फोन आला, की आमच्या एका लोडाच्या खोळीत तांब्या आणि फुलपात्र निघालंय, ते कुणाचं? तेव्हा कुठे उलगडा झाला. आमचे थोरले मामा लग्नात ज्या लोडाला टेकून बसले होते आणि दिवसभर पाठ धरली म्हणून कण्हत होते, त्याच लोडात नानांचा आहेर होता.

नानांना हे सांगितलं, तर त्यांनी मामांच्या पाठीची चौकशीसुद्धा केली नाही. "मांडववाल्याला घावलं व्हय," एवढंच म्हणाले आणि हिरमुसले. नवरदेवाने शोधायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं.

मी जुन्नरला बागेसमोर दुकान चालवतो. आधी झेरॉक्स आणि एसटीडी होतं. पुढे सगळे टाकतात म्हणून मीही दोन कॉम्प्युटर टाकले आणि 'सायबर कॅफे' अशी पाटी लावली. नाना माझ्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायचे. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. म्हणजे कालव्याची दारं उघडायची, बंद करायची आणि ज्याची पाळी त्याच्या वावरात पाणी सोडायचं. सगळी नोकरी येडगाव धरणाच्या कालव्यावर गेली. मूलबाळ नव्हतं. बायको धरणाच्या कॉलनीत राहत असतानाच गेली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा एक ट्रंक, एक कॉट आणि एक कडीचा डबा घेऊन ते जुन्नरला आले.

माझ्या दुकानात ते रोज येत आणि रोज काहीतरी लपवून जात. एकदा झेरॉक्सच्या कागदाच्या ट्रेमध्ये आवळे ठेवले. मशीन अडकलं, मी मेकॅनिकला बोलावलं, आणि त्याने आवळे काढून माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याच्याशी डोळ्याला डोळा भिडवू शकलो नाही. एकदा काउंटरच्या मागच्या कप्प्यात चिकू ठेवला. मी शोधला नाही, कारण बाजाराचा दिवस होता आणि दाखल्यांच्या झेरॉक्सला रांग लागली होती. तिसऱ्या दिवशी दुकानात मुंग्या झाल्या. मी चिडलो. नाना माझ्याहून जास्त चिडले.

"सांगितलं व्हतं की मी, हितंच हाय म्हनून."

"मग तुम्ही काढून घ्यायचा ना नाना, सडायच्या आधी."

यावर त्यांनी मला जरा समजावणीच्या सुरात सांगितलं, की तसं चालत नाही. लपवणाऱ्याने जागा सांगायची नाही आणि लपवणाऱ्याने वस्तू काढायची नाही. हे नियम कुणी केले, असं मी विचारलं. ते म्हणाले, नियम पहिल्यापासूनच आहेत.

गावात त्यांना कुणी वाईट म्हणत नसे. येडा म्हणत, तेही मायेने. पण त्यांनी लपवलेलं कुणी शोधतही नसे. कुणाला वेळ आहे? न्हाव्याच्या खुर्चीखाली ठेवलेले शेंगदाणे उंदराने खाल्ले. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये ठेवलेली पेरूची पिशवी कंपाउंडरने कचऱ्यात टाकली. नाना मात्र दुसऱ्या दिवशी हमखास चौकशीला जात. "घावलं का?" "काय नाना?" "न्हाई, काय न्हाई," असं म्हणून परत फिरत.

अशात एका दिवाळीला नाना धापा टाकत दुकानात शिरले. आंबेगाव तालुक्यात, अवसरी बुद्रुकला त्यांची धाकटी बहीण आहे. तिचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. कंपनीने त्याला काही महिने अमेरिकेला धाडलं होतं आणि तो नुकताच परतला होता. त्याने मामासाठी टीव्हीच्या रिमोटएवढं एक मशीन आणलं होतं. ते उघड्यावर धरलं, की आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे उभे आहोत त्याचा नंबर दाखवायचं. आणि भाच्याने सांगितलं होतं, की तिकडे लोक एक खेळ खेळतात. बागेत, रानात कुठेतरी डबा लपवायचा, त्यात बारीकसारीक वस्तू ठेवायच्या, जागेचा नंबर इंटरनेटवर टाकायचा. मग ओळख ना पाळख अशी माणसं मशीन घेऊन तो डबा शोधत येतात. सापडला की एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, डबा पुन्हा तिथेच लपवायचा आणि घरी जायचं. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात.

नाना खुर्चीत बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "आवो, आख्खा मुलूखच माज्यासारखा हाय तितं. आन् हितं मला येडं म्हनत्यात."

त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता. उभ्या आयुष्यात एकट्यानेच बोललेली भाषा अचानक रेडिओवर लागावी, तसं त्यांना झालं असावं.

डबा बागेतच लपवायचा, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आमची बाग काही फार मोठी नाही. एक घसरगुंडी, सोंड तुटलेला सिमेंटचा हत्ती, उद्घाटनाच्या दिवशी चाललेलं आणि त्यानंतर पुन्हा कधीच न चाललेलं कारंजं, कोपऱ्यात एक जुनं उंबराचं झाड. पण गावाचा जीव त्या बागेत आहे. सकाळी फिरणारे तिथे, दुपारी कॉलेजची पोरं तिथे, बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेल्या बाया पिशव्या मध्ये ठेवून भेळ खायला तिथे. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात 'दोघांना जरा बोलू द्या' म्हणतात, ते बोलणंही त्याच बागेत होतं. माझं स्वतःचं तिथेच झालं. हत्तीजवळ उभे राहून आम्ही दोघं उन्हाळा किती आहे यावर बोललो होतो.

जागा निवडायला नानांनी पावसाळ्यापर्यंत वेळ घेतला. मी म्हटलं, "नाना, डबाच लपवायचाय, घर नाही बांधायचं." ते गंभीर झाले. म्हणाले, "राव, नुसतं लपवायचं नसतंय. घावंल असं लपवायचं असतंय. घावलंच न्हाई, तर ते हरवनं झालं."

शेवटी उंबर ठरला. मुळांच्या बेचक्यात एक खोबण होती. नोकरीत जेवण न्यायचा तो कडीचा डबा त्यांनी हिरवा रंगवला, सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळून बांधला, खोबणीत ठेवला आणि वर एक धोंडा लावला. मी त्या वेबसाइटवर नंबर टाकला, सोबत नानांनी सांगितलेली खूण इंग्रजीत लिहिली. ती वेबसाइट नकाशा दाखवायची. मुंबईला काही ठिपके, पुण्याला काही, आणि मग आमचा एकटा ठिपका, जुन्नरचा. नाना रोज येऊन तो ठिपका पाहत. कधी स्क्रीनवर धूळ असेल तर रुमालाने पुसून ठेवत.

"कोन येनार हाय का?"

"अजून तरी कुणी नाही नाना."

"यील. लांबनं यायचं म्हंजे टाइम लागतोय."

वर्ष गेलं. कुणीतरी एकाने तरी आपला डबा शोधत यावं, एवढी एकच गोष्ट त्या माणसाला हवी होती, आणि ती काही घडत नव्हती. आवळे-चिकू लपवणं त्यांनी बंद केलं होतं. सगळा जीव त्या डब्याला लागला होता. नंबर बरोबर आहे ना, म्हणून दर दोन-चार दिवसांनी ते मशीन तळहातावर आडवं धरून बागेत जात. हळूहळू चालत, थांबत, मागे सरत, पुन्हा पुढे येत आणि उंबराजवळ जाऊन जमिनीकडे बघत उभे राहत. मशीनचा बाण तिथे थरथरायचा.

आता आमच्या भागात माणूस तळहातावर काहीतरी आडवं धरून, जमिनीकडे बघत, पावलं मोजत चालताना दिसला तर लोक काय समजतील? कुणी नारळ धरतो, कुणी कडुलिंबाची बेचकी धरतो, पण चाल हीच. पाणी बघणारा पाणाड्या. त्यातून नाना पाटबंधारे खात्यातले. त्यातून झाड उंबराचं, ज्याच्या खाली पाणी असतंच असं लहान पोरही सांगेल. बागेच्या किसन माळ्याने त्यांना विचारलं, "नाना, काय बघताय?" नाना खेळाचा नियम मोडणारे नव्हते. म्हणाले, "काय न्हाई." किसन समजायचं ते समजला. खरा पाणाड्या कधी आधी बोलत नाही.

बघता बघता नानांचं नाव झालं. अमेरिकेहून पाणी बघायचं मशीन आणलंय, ही बातमी मी खुद्द माझ्या बायकोकडून ऐकली आणि ती खोटी आहे हे तिला पटवताना माझी दमछाक झाली. लोक नानांच्या खोलीवर नारळ घेऊन यायला लागले. ज्यांच्या दाराशी वर्षभरात दूधवाल्याशिवाय कुणी आलं नव्हतं, त्यांच्या दारात जीपा थांबू लागल्या. येडगावकडचे एक पाहुणे तर त्यांना जवळजवळ उचलूनच वावरात घेऊन गेले. नानांनी त्यांना परोपरीने सांगितलं, "पावणं, पानी सोडायचं कसं ते मला कळतंय. पानी कुठं हाय ते न्हाई कळत." पाहुणे हात जोडून म्हणाले, मोठी माणसं असंच बोलतात. चहा झाला, पोहे झाले, आणि नाना लाजून परत आले. मला म्हणाले, "सगळ्यास्नी पानी पायजे. डब्याचं कोन इचारीत न्हाई."

मग उन्हाळा आला. बागेचं लॉन वाळलं, आणि आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांनी जाहीर केलं, की बागेत बोअर घ्यायचं. कुठे घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. नाना रोज जिथे उभे राहतात, तिथे. किसनने उंबराच्या बुंध्याशी चुन्याने फुली मारली. डब्यावरच्या धोंड्यापासून ती हातभर लांब होती, हे मला पुढे कळलं.

त्याच आठवड्यात एक मेल आला. पुण्याच्या एका जोडप्याने लिहिलं होतं, की आम्ही दोघं हा खेळ खेळतो, येत्या रविवारी जुन्नरला तुमचा डबा शोधायला येत आहोत. मी तो मेल नानांना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. मग चष्मा काढून पुसला. आणि बोअरची गाडी शुक्रवारी यायची होती.

मी म्हटलं, "डबा जरा सरकवा नाना. नंबर बदलून टाकतो."

"त्यांनी नंबर लिवून घेतला आसंल. ते जुन्या जागी बघतील. घावनार न्हाई."

"मग नगरसेवकांना खरं सांगा."

"सांगितलं तर सगळ्या गावाला कळंल. मग कसलं लपवलेलं?" असं म्हणून ते बराच वेळ कॉम्प्युटरकडे बघत बसले. ठिपका जागेवरच होता.

शुक्रवारी बोअरची गाडी आली. बागेचं मागचं फाटक काढून ती आत घेतली. नगरसेवक आले, नारळ आला, निम्मं गाव आलं. मीही शटर ओढून गेलो. नाना मशीन घेऊन आधीच उंबरापाशी उभे होते. नारळ फोडायला हात वर गेला, तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा. हितं पानी न्हाई."

नारळ हातातच राहिला. नानांनी मशीन तळहातावर धरलं आणि चालू लागले. गर्दी मागोमाग. मला त्यांचा चेहरा दिसत होता. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाची कानशिलं लाल होतात, तशी झाली होती. उंबरापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं ते गेले. पुढे भिंतच लागली. तिथे ते मेलेलं कारंजं होतं. त्याच्याजवळ थांबून त्यांनी जमिनीवर टाच मारली. "हितं हाय."

त्या जागी पाणी लागायचं काहीएक कारण नव्हतं. दुपारपर्यंत नुसती पांढरी धूळ उडाली. नाना माझ्या दुकानात येऊन पाठमोरे बसले होते. तिसऱ्या प्रहरी बागेतून एकदम आरडाओरडा ऐकू आला. मी धावत बाहेर गेलो, तर कारंजाच्या डोक्यावरून चिखलाचा फवारा उडत होता आणि किसन माळी त्यात भिजत नाचत होता. दोन इंची पाणी लागलं होतं.

परत येऊन मी नानांना सांगितलं. त्यांनी वळून बागेकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे आता ल्वॉक आजून येनार."

आले. रविवारी सकाळपासून आले. नाना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उंबराच्या समोरच्या बाकावर बसले होते, दुसरीकडे तोंड करून, कारण शोधणाऱ्याला आपल्या नजरेवरून जागा कळता कामा नये. ते पुण्याच्या जोडप्याची वाट बघत होते. आणि त्यांच्याभोवती उपरणी, नारळ आणि हार. जो तो आपल्या वावराचं सांगतोय. नाना त्यांना बाजूला करत होते, "सरका वो जरा, वाट सोडा, लांबची मानसं यायची हायेत." दुपारी लोक जेवायला पांगले. नाना जेवायला गेले नाहीत. मी दुकानातून बघत होतो. मशीन दिसेल म्हणून बागेत शिरणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाच्या हाताकडे मीही बघत होतो, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी त्यांचा मेल आला. शिवनेरी चढून आलो, उशीर झाला, थकलो, डब्याचं पुन्हा कधीतरी. त्यात त्यांची काही चूक नव्हती. किल्ला सोडून डबा कोण शोधील? तरी मला त्यांचा राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

नाना दारात येऊन उभे होते. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरं बरं. दमले असतील." जायला निघाले, दोन पावलं गेले आणि परत वळले. हातातलं मशीन पुढे केलं. नीट, सरळ, माझ्या हातात दिलं.

"तुमी बघता का?"

मी शटर ओढलं.

नंबर मीच वेबसाइटवर टाकला होता. उंबर मला माहीत होता. पण नेमकी जागा नानांनी मलाही कधी दाखवली नव्हती, आणि मुळं म्हणाल तर त्या झाडाला अशी पसरलेली, की जिथे हात घालावा तिथे खोबण. मशीनचा बाण माझ्या पोटाकडे बघायला लागला. नाना बाकावर पाठ करून बसले. मी उकिडवा बसून धोंडे उचलत होतो, मुंगळे चावून घेत होतो. फिरायला आलेल्या बायका थांबल्या. किसन एकीला सांगत होता, की झेरॉक्सवालेही आता पाणी बघायला शिकले. मी वैतागून विचारलं, "नाना, इथेच आहे ना?"

"हितंच हाय," ते पाठमोरेच म्हणाले. "बघा जरा."

तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. रोजचंच वाक्य, पण त्यात आज कुणीतरी उत्तर देणारं होतं. अंधार पडायच्या बेताला माझ्या हाताला रबराची ट्यूब लागली.

डबा घेऊन मी बाकावर गेलो. तो त्यांनी स्वतः भरला होता, तरी मला म्हणाले, "काय काय हाय, सांगा." मी एकेक काढून सांगत गेलो. कालव्यावरची शिट्टी. बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. काचेची गोटी. एक जुनी किल्ली. आणि केसांत खोवायच्या काळ्या पिनांचं एक पाकीट, पुठ्ठा पिवळा पडलेला, न फोडलेलं.

"हे?" मी विचारलं.

नाना सांगायला लागले ते बागेकडे बघत. कॉलनीत संध्याकाळ लई मोठी असायची. मूल नाही, रेडिओ नाही. दोघं तशी अबोल. मग ते कालव्यावरून येताना काहीतरी आणायचे आणि लपवायचे, आणि सरू, म्हणजे त्यांची बायको, ते शोधायची. "मी म्हनायचं, हितंच हाय. ती म्हनायची, कुठं वो, दिसंना. मी म्हनायचं, बघ जरा. तेवढंच बोलनं व्हायचं आमचं. पर रोज व्हायचं." पिना नारायणगावच्या बाजारातून आणल्या होत्या आणि घड्याळाच्या मागे ठेवल्या होत्या. तिने शोधल्या, दमली, म्हणाली उद्या बघते. त्या रात्रीच तिच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यातून ती परत आली नाही.

"मी ऱ्हायलो की तितंच, रिटायर हुईपर्यंत. घड्याळाला हात लावला न्हाई. लपवनाऱ्यानं काढायचं नसतंय." ते थांबले. "क्वाटर सोडताना मंग काढावं लागलं. मलाच."

खेळाच्या नियमाप्रमाणे मी एक वस्तू घ्यायची होती. मी गोटी घेतली आणि खिशातलं बॉलपेन डब्यात ठेवलं. पिनांना हात लावायची माझी छाती झाली नाही. मी डबा परत खोबणीत ठेवून आलो, तर नानांचा चेहरा पुन्हा उतरलेला.

"काय झालं नाना?"

"आता तुमाला जागा कळली की. आता तुमाला शोधता येनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडायच्या आधी ते पायरीवर हजर होते. म्हणाले, "जागा बदलली." आणि माझ्याकडे बघायला लागले.

तेव्हापासून माझ्या रविवारच्या संध्याकाळी गेल्या. नाना डबा हलवायचे, मी शोधायचो, ते पाठ करून बसायचे. हत्तीच्या पोटात, पंपाच्या खोलीमागे, बोगनवेलीच्या जाळीत. कितीदा मला काम असायचं, कितीदा कंटाळा यायचा, आणि मी तसं तोंडावर बोलूनही दाखवायचो. तरी जायचो. घरी बायको विचारायची, आज किती इंची लागलं? डबा सापडला की आम्ही बाकावर बसून एकेक वस्तू पाहायचो आणि पिनांचं पाकीट न फोडता तसंच परत ठेवायचो.

वेबसाइटवर आमच्या ठिपक्याला कधी कुणी आलं नाही. पुढे लोकांच्या हातात मोबाइल आले, माझे कॉम्प्युटर धूळ खायला लागले आणि नानांचे गुडघे गेले. एका हिवाळ्यात भाचा गाडी घेऊन आला. त्यांना अवसरीला बहिणीकडे न्यायचं ठरलं होतं. निघताना नाना दुकानात आले. मशीन दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "हितंच हाय." ते मला दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या ट्रेमध्ये सापडलं. नंबर मात्र त्यांनी पुसून टाकले होते. डबा बागेत होता आणि या वेळी कुठे, ते फक्त त्यांना ठाऊक होतं.

पहिल्या रविवारी संध्याकाळी अवसरीहून फोन आला.

"घावला का?"

"नाही नाना."

"कुठं कुठं बघितला?" मी सांगितलं. ते खूश झाले. शेवटी म्हणाले, "हितंच हाय. बघा जरा," जणू काही ते बाकावरच बसले होते.

तिसऱ्या रविवारी मी शोधून थकलो आणि त्यांच्या बाकावर, त्यांच्या जागेवर टेकलो. हात सहज बाकाखाली गेला. ट्यूब लागली. डबा फळीच्या खालून आवळून बांधला होता. उघडला तर आत फक्त दोन वस्तू होत्या. माझं बॉलपेन आणि पिनांचं पाकीट.

रिकाम्या बाकावर बसून मला किती एकटं वाटलं ते सांगता येत नाही. मग वाटलं, चला, म्हाताऱ्याला कळवावं, हरखून जाईल. दुकानात आलो, तर फोन वाजतच होता. त्यांच्या बहिणीने लावला होता. ती म्हणाली, "भाऊ, दादा आज दुपारपस्नं फोनपाशी बसलाय. सोमवार ते शनवार गप असतोय. तुमच्या फोनापुरतं बोलतोय बघा." मग नाना आले.

"घावला का?"

तोंडात आलेलं मी गिळलं. मला त्यांचा उतरलेला चेहरा आठवला, उंबराखाली डबा सापडल्यानंतरचा. आता जागा बदलायला ते येऊ शकणार नव्हते. सापडला म्हटलं, की खेळ संपला.

"नाही नाना," मी म्हटलं. "या वेळेस लई अवघड जागा धरलीत."

ते हसले. मग अर्धा तास मी कुठे कुठे शोधलं ते विचारत राहिले आणि मी न शोधलेल्या जागा सांगत राहिलो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. घावलं नाही तर ते हरवणं, असं नानांचं म्हणणं. मी स्वतःची समजूत घालतो, की घावलेलं आहे, फक्त त्यांना ठाऊक नाही. पावसाळ्याआधी मी ट्यूब बदलतो, पिना गंजू नयेत म्हणून पाकीट पुसून ठेवतो आणि डबा होता तसा बाकाखाली बांधतो. रविवारी संध्याकाळी शटर अर्ध्यावर ओढून फोनजवळ बसतो. हल्ली नानांना ऐकू कमी येतं, त्यामुळे मला ओरडून सांगावं लागतं, आणि रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघतात.

"घावला का?"

"नाही नाना!"

"हितंच हाय," नाना म्हणतात. "बघा जरा."

"बघतो," मी म्हणतो.